डाव्या गावचा मेघण्णा

आमच्या छापखान्यात आरुमुगम् आसारी देवांची चित्रे डाव्या हाताने काढत, आणि ही गोष्ट बाहेर कोणाजवळ बोलायची नाही अशी शपथ मला कामाच्या पहिल्याच दिवशी घ्यावी लागली.

शपथ घालणारे मालक वेंकटराव. ते माझ्या नात्यातले नव्हेत, पण कुंभकोणमातल्या आम्हां मराठी घरांत वडीलधाऱ्या पुरुषाला मामा म्हटले की काम भागते, तसे ते माझे मामा. आसारी ज्याच्या आड बसत त्या पडद्याजवळ उभे राहून, आवाज उतरवून ते म्हणाले, "गोपाळा, खरं बोलण्यासाठी तू भांडतोस हे मज ठाऊक अहे. भांड बापडा. पण पडद्यापलीकडचं पडद्यापलीकडेच राहू दे. अर्ध्या गावाच्या देवघरात या म्हाताऱ्याचे देव अहेत. कुठल्या हातानं काढले हे कळलं तर लोक ते भिंतीवरून उतरवतील, आणि म्हातारा उपाशी मरेल."

आमचे हे 'अहे' वाचून पुण्याकडचे वाचक हसतील. हसावे. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले. राज्य पुढे कंपनीने घेतले, भाषा तेवढी आमच्यापाशी राहिली, ती आम्ही जुन्या लुगड्यासारखी घडी न मोडता जपतो. 'सगळे' याला आम्ही 'अस्के' म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

डाव्या हाताविषयी मात्र आम्ही आणि आमचे तमिळ शेजारी एका मताचे. त्या हाताने पान द्यायचे नाही, पैसा घ्यायचा नाही, वाटसरूला वाटही दाखवायची नाही. मग देव काढणे तर दूरच.

मी स्वतः पत्रकांवर वाढलो. हे अक्षरशः खरे आहे. माझे वडील शाळेत मास्तर होते. साहेबाशी बाणेदारपणे बोलल्यामुळे नोकरी गेली आणि घरात पुस्तकांऐवजी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आले. बाराखडीचे पुस्तक विकत आणायचे कोणाच्या मनात आले नाही, म्हणून मी त्या गठ्ठ्यांवरच वाचायला शिकलो. 'आई' हा शब्द वाचता येण्याच्या आधी मला 'बंधूंनो' वाचता येत होते. एकोणिसाव्या वर्षी मी मामांच्या छापखान्यात गेलो तो पत्रके छापायला. पहिले पत्रक वाळत घातले होते तेवढ्यात पोलिसांनी दोरीवरून उतरवून नेले. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आता मुलांसाठी गोष्टी लिही. त्या पोलीस नेत नाहीत, आणि नेल्या तर घरी नेऊन आपल्या मुलांना देतात."

मला तो अपमान वाटला होता.

बाहेरच्यांना आमचा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई. दगड पाटाएवढा, घासून आरशासारखा केलेला. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि मग दगड पाण्याने पुसायचा. शाईवर पाणी ठरत नाही, आणि ओल्या दगडावर रुळाची शाई ठरत नाही. त्यामुळे रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. वर कागद घालून दाबला की चित्र कागदावर उतरते. मेख एवढीच की ते उलटे उतरते. म्हणून दगडावर सारे काही आरशात दिसेल तसे काढावे लागते, अक्षरेसुद्धा. उलटी अक्षरे काढायला शिकण्यात माझी दोन वर्षे गेली.

आसारींना मात्र शिकावेच लागले नव्हते. पडद्यामागे ते मांडी घालून बसत आणि देवाच्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करत. खाली कच्ची रेघ नाही, समोर नमुना नाही. उजवीकडे जायची ती रेघ डावीकडे निघे आणि मुकुटाच्या टोकापर्यंत हात कुठे थबकत नसे. देवाचा हात काढायची वेळ आली की ते स्वतःचाच डावा हात समोर धरून क्षणभर बघत आणि तो तसाच दगडावर उतरवत. कागदावर येताना तो देवाचा उजवा हात होई. मी कित्येकदा श्वास रोखून मागे उभा राहिलो आहे. मी देवळात फारसा जात नाही, पण तिथे लोकांना काय होत असेल ते मला त्या पडद्यामागे कळले.

"आसारी, हे उलटं तुम्हांला दिसतं कसं?" मी एकदा विचारले.

"तंबी, मला सुलटं काढ म्हणून कधी कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. मला ते नेहमी तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. त्यांचे वडील सुतार. मुलगा डाव्या हाताने हत्यार उचलतो म्हणून त्यांनी एकदा त्याच्या हातावर लाकडी ठोकणी मारली. करंगळी वाकली ती वाकलीच. शेवटी शिळाछापवाल्यांनी त्या मुलाला ठेवून घेतले, कारण उलटे काम त्या हाताला आपसूक येत होते. आसारींच्या सगळ्या देवदेवतांच्या हातांची करंगळी किंचित बाहेर वळलेली असे. गिऱ्हाईक म्हणत, काय नजाकत आहे!

अशा माणसाबरोबर मी मुलांसाठी मेघण्णाची पुस्तके काढू लागलो.

मेघण्णा हा दारासुरम्च्या एका विणकराचा मुलगा. तान्हा असताना आई त्याला नदीकाठी ठेवून सूत धूत होती. तेवढ्यात एक ढग खाली उतरला आणि पोराने तो दूध समजून पिऊन टाकला. तेव्हापासून तो जमिनीवरून वर उठू शकतो, तळ्याचे पाणी गालांत भरून नेऊ शकतो, रुळांवर अडलेली आगगाडी खांद्याने ढकलू शकतो. अंगावर आखूड धोतर आणि खांद्यावर लाल पंचा. सोळा पाने, प्रत्येक पानावर मोठे चित्र, खाली दोन ओळी. बहुतेक प्रती तमिळ, थोड्या आमच्या घरांसाठी मराठीत.

पहिल्या पुस्तकात मी मेघण्णाच्या तोंडी अन्यायाविरुद्ध दोन पानांचे भाषण घातले होते. एका मुलाने दुकानात उभ्या उभ्या वाचून विचारले, "इथे मेघण्णा इतका का बोलतो? त्याला कोणी बांधून ठेवलंय का?" त्यानंतर मी भाषणे काढून टाकली.

ही पुस्तके बहुतेक भेट म्हणून जात. ताटात केळी, विड्याची पाने आणि मध्ये मेघण्णा. नव्या वस्तूला हळदीचे बोट लागल्याशिवाय आमच्याकडे ती मुलाच्या हातात देत नाहीत, म्हणून मुखपृष्ठाचा एक कोपरा आम्ही मुद्दाम कोरा सोडत असू. एकदा पापनाशम्हून एक शेतकरी चालत आला. पुरातून मेघण्णाने दोन बैल काढले, पण चित्रात तीन होते, तिसऱ्याचे काय झाले? "पोरगी दोन दिवस जेवली नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि डोळ्यांत भीती. मी पुस्तक पडद्यामागे नेले. आसारींनी मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने तिसरा बैल काढला, काठावर चरणारा, पाठ अजून ओली असलेला. शेतकऱ्याने तो बराच वेळ न्याहाळला, पुस्तक मुंडाशात खोचले आणि आल्या वाटेने निघून गेला.

माझे पत्रक वाचून कोणी घासभर अन्न टाकल्याचे मला आठवत नाही. त्या दिवसापासून मेघण्णा मला क्षुल्लक वाटेनासा झाला.

दिवाळीच्या दोन महिने आधी माधवराव आले. रेशमाचे मोठे व्यापारी. घराणे विठ्ठलभक्त, माग दारासुरम्ला, पेढी कुंभकोणमात. त्यांची कल्पना अशी की दिवाळीला ज्या मुलीसाठी दुकानातून रेशमी परकर घेतला जाईल, त्या मुलीला दुकानातर्फे नवा मेघण्णा भेट द्यायचा. इतके मोठे काम आमच्याकडे कधी आले नव्हते. मामांनी त्यांना खुर्चीवर बसवले आणि पंख्याने स्वतः वारा घालू लागले.

माधवरावांबरोबर त्यांची मुलगी तुळजा होती. आठ वर्षांची, सावळी, काटकुळी. खाली बसून ती जुना मेघण्णा वाचत होती आणि पान उलटताना हनुवटीने दाबून धरत होती, कारण तिचा डावा हात कापडाच्या पट्टीने कमरेशी बांधलेला होता.

"पोरीच्या हाताला काय झालं?" मामांनी विचारले.

"काही झालं नाही. डावरी अहे," माधवराव म्हणाले. "उजवा पुढं करायला सांगावं तर डावा येतो. म्हणून बांधलाय. मुलींच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, उजव्यानं लिहायला लागली की घेऊन या. दिवाळी झाल्यावर नेऊन दाखवायचं. नाही जमलं तर शाळा नाही. घरी बसेल, पुढं लग्नाचं बघू."

मी उठून उभा राहिलो. हात बांधणे हा कसा अन्याय आहे, विद्या ही कोणत्या हाताची मिरासदारी नव्हे, वगैरे सगळे बोललो. चांगले बोललो असे मला वाटले.

माधवराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गोपाळराव, हे छापलंत की थोड्या प्रती दुकानात पाठवा. सुताच्या गुंड्या बांधायला कागद लागतो."

मामा घाईने हसले. मी पडद्याकडे पाहिले. पलीकडचा लेखणीचा आवाज थांबला होता. माधवरावांना गप्प करील असे उत्तर माझ्यापासून दहा हातांवर बसलेले होते, आणि मी शपथेने बांधलेला. शिवाय खरे सांगायचे तर त्या कामावर छापखान्याचे वर्ष निघणार होते. मी खाली बसलो. त्या बसण्याची मला आजही लाज वाटते.

तुळजाने पुस्तकातून डोके वर काढले. "अण्णा, या वेळी मेघण्णाला शाळेत पाठवाल का? तो लिहितो कसं ते मज बघायचंय."

तेवढे मात्र मी केले. मेघण्णा शाळेत जातो, गावाला पूर येतो, तो मास्तरांसकट शाळा उचलून देवळाच्या कळसाजवळ नेऊन ठेवतो, आणि शेवटच्या पानावर ढगावर बोटाने अक्षर काढतो. आसारींना मी गोष्ट वाचून दाखवली. एरवी ते दोन प्रश्न तरी विचारत. त्या दिवशी काही न विचारता कामाला लागले.

काम लवकर उरकावे म्हणून मामांनी मद्रासहून नव्या तऱ्हेचा कागद मागवला. त्याच्यावर चित्र आणि अक्षरे सरळ काढायची आणि कागद दगडावर दाबायचा. दगडावर सारे उलटे उठते आणि छापताना पुन्हा सुलटे होते. मला तर स्वर्ग मिळाल्यासारखे झाले. इतक्या वर्षांनी मी माणसासारखा सुलटा लिहीत होतो. आसारी चित्र काढून देत, मी खाली दोन ओळी घालत असे. चित्रांत मला काही वावगे दिसले नाही. दिसणार कसे? आसारींची चित्रे दगडावर मी नेहमी ज्या तऱ्हेने पाहिली होती, त्याच तऱ्हेची ती होती.

चूक तीच होती. आयुष्यभराच्या सवयीने आसारींनी नव्या कागदावरही उलटेच काढले होते. अक्षरे सुलटी छापली गेली आणि चित्रे आरशातली. छपाई झाली, घड्या झाल्या, शिवण झाली, आणि छापखान्यातल्या एकाही माणसाच्या लक्षात आले नाही. दिवसभर दगड आणि कागद आळीपाळीने पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना डावे कोणते आणि उजवे कोणते याचे भानच उरलेले नसते. आणि आसारींनी मेघण्णाचे हात काढताना समोर धरला होता तो स्वतःचाच हात. या खेपेस तो जसा होता तसाच कागदावर उतरला होता.

दिवाळी नऊ दिवसांवर असताना माधवरावांची जटका, म्हणजे एका घोड्याची गाडी, दाराशी थांबली. ते पुस्तक हातात घेऊन आत आले. मागोमाग तुळजा, कमरेला तशीच पट्टी.

"वेंकटराव, हे काय छापलंत?" त्यांनी पान उघडले. "आई भात वाढते ती डाव्या हातानं. मास्तर लिहितो डाव्यानं. दुकानदार पैसे घेतो डाव्यानं. नवरानवरीसुद्धा! दिवाळीच्या रेशमाबरोबर हे वाटू? आमच्या कारकुनानं पाहिलं म्हणून बरं. गठ्ठे परत पाठवतोय."

मामांनी पुस्तक घेतले, पाहिले, मला दिले. मी पाहिले, आणि पानामागून पान उलटत शेवटपर्यंत गेलो. मामा म्हणाले, "नव्यानं काढून देतो, माधवराव. आठ दिवस द्या."

"आठव्या दिवशी मी काय गुढी उभारू? गिऱ्हाईक आजपासून येतंय."

तुळजा माझ्याजवळ आली. तिच्याजवळही एक प्रत होती आणि कडा आताच मऊ पडल्या होत्या. तिने बारीक आवाजात विचारले, "अण्णा, हे कुठलं गाव?"

"कुठलं म्हणजे?"

"इथे अस्के माझ्यासारखे अहेत."

होय, असे गाव आहे, असे तिला सांगावे असे मला फार वाटले. पण मुलांशी खोटे बोलायचे नाही हे माझे तत्त्व. मी म्हणालो, "तुळजा, असं गाव नाही. ही आमची चूक झाली."

"चूक कशी?" ती म्हणाली. तिने शेवटचे पान काढून ढगावर लिहिणारा हात दाखवला. "बोट अस्संच टेकतं. मनगट असंच वळवावं लागतं, नाहीतर काढलेलं पुसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. हा हात कोणाचा अहे?"

पडदा सरकला. आरुमुगम् आसारी बाहेर आले. गिऱ्हाईक असताना ते बाहेर आल्याचे मी आठ वर्षांत पाहिले नव्हते. मामा धडपडत उठले. "आसारी, आत जा! मी बोलतोय ना!" आसारींनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. ते तुळजापुढे उकिडवे बसले आणि आपला डावा हात त्या पानाशेजारी धरला. शाईने काळवंडलेली बोटे, नखांत रेघा, आणि बाहेर वाकलेली करंगळी. चित्रातली करंगळीही तशीच होती.

"हा माझा हात, पाप्पा," ते म्हणाले; लहान पोरीला तमिळ माणूस अशीच हाक मारतो.

माधवराव त्या करंगळीकडे पाहत राहिले. त्यांच्या पेढीवर गल्ल्याच्या वर आमच्या छापखान्याची लक्ष्मी होती. रोज सकाळी तिच्यापुढे दिवा लावल्याशिवाय ते कुलूप काढत नसत. लक्ष्मीचा वर देणारा हात त्यांनी किती वेळा पाहिला असेल! चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते की त्यांना काय आठवते आहे.

"ती लक्ष्मी?" त्यांनी कसेबसे विचारले.

"याच हाताची," आसारी म्हणाले. "घरोघरचे वर देणारे हात याचेच. दगडावर डावा काढतो, कागदावर उजवा होतो. तुमचा विठ्ठल तेवढा वाचला. त्याचे दोन्ही हात कमरेवर, डावं काय आणि उजवं काय."

मला हसू आले आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. आसारींनी शेजारचा घासलेला दगड ओढला, लेखणी घेतली, आणि आम्हां सर्वांसमोर, दाराकडे तोंड करून, डाव्या हाताने लक्ष्मीचा पाय काढायला सुरुवात केली. अंगठा, पैंजण, निऱ्यांची घडी, कमळाच्या पाकळ्या. तुळजा दगडावर इतकी वाकली की तिची वेणी शाईत बुडाली. माधवराव उभे होते ते खाली बसले. नऊ दिवसांवर दिवाळी आलेला व्यापारी जमिनीवर बसून एक हात उमटताना पाहत होता. करंगळी वळली तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले, आणि आपण काय केले ते लक्षात येऊन पटकन खाली घेतले.

मग ते मुलीला घेऊन निघून गेले.

मामांनी डोके धरले. "म्हाताऱ्या, हे काय केलंस? स्वतःच्या पायावर धोंडा घातलास!"

"मुदलाळी," आसारी लेखणी पुसत मालकांना म्हणाले, "त्या पोरीचा हात बांधलेला होता. माझा मोकळा होता. मी आत बसून कसा राहू?"

मी आजवर सत्यावर अकरा पत्रके लिहिली आहेत. त्या वाक्याच्या जवळ जाणारी एक ओळही त्यांत नाही.

गठ्ठे परत आले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी माधवरावांचा माणूस येऊन उरलेली सगळी पुस्तके घेऊन गेला. कारण विचारले तर म्हणाला, "मज काय ठाऊक? लक्ष्मी भिंतीवरच अहे, एवढं बघितलं." दुकानात मेघण्णा वाटला गेला. काही आज्यांनी तो परत आणून दिला. एका बाईने पुस्तक बदलून मागितले आणि नाही म्हटल्यावर रेशीमही ठेवून गेली. पण दारासुरम्च्या गल्लीतली मुले दिवाळीत एक नवाच खेळ खेळत होती. त्याचे नाव 'डावं गाव'. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सगळे डाव्या हाताने करायचे, जो उजवा वापरील तो बाद. माझ्यासमोर एका धिप्पाड पोराने डाव्या हाताने गोट्या खेळायचा प्रयत्न केला आणि तीन वेळा हरून रडकुंडीला आला. त्याला हरवणारी मुलगी त्याच्या कमरेएवढी होती.

किंमत आसारींनी मोजली. बातमी पसरली. साक्कोट्टैच्या देवळाकडच्या दुकानदाराने देवांची चित्रे घेणे बंद केले, मग आणखी दोघांनी. पडद्यामागचे काम निम्म्यावर आले. गावातली मंडळी मला वाटेत थांबवून विचारत, खरे का? मी हो म्हणत असे, आणि दर वेळी वाटे की हे हो म्हणायला मला उशीर झाला आहे. शपथ मोडली ती ज्याच्या पोटासाठी घातली होती त्यानेच मोडली. मी पाळली, आणि पाळल्याचा मला अभिमान नाही.

दिवाळी झाली. चार दिवसांनी सकाळी माधवरावांनी मला आणि आसारींना घरी बोलावले. ओसरीवर पाट मांडले होते. मध्ये पितळेच्या ताटात तांदूळ पसरलेले. आमच्याकडे मुलाचे पहिले अक्षर असेच काढतात. वडीलधारे माणूस मुलाचा हात हातात धरून तांदळात अक्षर गिरवते. तुळजाचे पहिले अक्षर खरे तर कधीच झाले होते, उजव्या हाताने, आणि टिकले नव्हते.

माधवराव उघडेच बसले होते, खांद्यावर उपरणे. आमच्याकडे न बघता म्हणाले, "शाळेच्या बाईंशी बोललो. म्हणाल्या बघू. घेतील, न घेतील. नाहीतर पापनाशम्ला एक शाळा अहे, तिथे माझी बहीण राहते." मग आसारींना म्हणाले, "तुम्ही हात धरा."

आसारी दोन पावले मागे सरले. "नको, अय्या. मला अक्षरं उलटीच येतात. पोरीला उलटं शिकवीन. तुम्हीच धरा."

माधवराव तुळजाच्या मागे बसले. सवयीने त्यांनी तिचा उजवा हात धरला. थांबले. सोडला. मग तिच्या कमरेची गाठ सोडू लागले. गाठ अंघोळीच्या पाण्याने घट्ट झाली होती, दातांनी ओढावी लागली. पट्टीखाली मनगटावर वळ होता. त्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला आणि तो हात आपल्या उजव्या हातात घेतला.

जमेना. त्यांचा हात एकीकडे ओढे, तिचा दुसरीकडे वळे. रेघ वाकडी गेली. तांदूळ सांडले. त्यांनी पुन्हा सपाट केले, पुन्हा धरले, पुन्हा सांडले. कपाळावर घाम आला. इतके रेशीम मापणारा माणूस, त्याला एवढासा हात कसा धरावा हे कळत नव्हते.

"अप्पा," तुळजा म्हणाली, "हात सोडा."

"अगं, पहिलं अक्षर धरूनच काढायचं असतं."

"मज येतं."

"कधीपासून?"

तिने उजव्या तळव्याने तांदूळ सपाट केले. माधवरावांनी हात सोडला. तुळजाने बोट टेकले, मनगट वळवले आणि 'श्री' काढला. त्याच्यापुढे स्वतःचे नाव, त्याखाली बापाचे. मग ती थांबलीच नाही. जागा अपुरी पडू लागली तशी अक्षरे बारीक करत काठापर्यंत आली, आणि सगळे ताट भरले तेव्हा बोट वर धरून पुढच्या जागेसाठी इकडेतिकडे पाहू लागली.

माधवराव उठले आणि आणखी तांदूळ आणायला स्वतः आत गेले.